एकट्याने भुयारात उतरायचं तर नियम कुठले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घणसोलीत राहता, मित्रांबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्सची, म्हणजे पात्रं घेऊन साहसं खेळायच्या त्या खेळाची, पाचवी आवृत्ती दोनेक वर्षं खेळलात, मग टोळी पांगली. म्हणून एकट्यानेच चार पात्रं घेऊन बसलात, तर पहिल्याच खोलीत सहा गॉब्लिनांशी, म्हणजे बुटक्या राक्षसांशी, लढण्यात दीड तास गेला आणि वैतागून वही मिटली. रात्री जेवणं आटोपल्यावर पाऊण तास मिळतो. भुयार हवं, दारं, सापळे, खजिना हवा. जाड पुस्तक नको. तर सगळ्यात सोपे नियम कुठले?

उत्तर आधीच देऊन टाकतो. तुमच्यासाठी फोर अगेन्स्ट डार्कनेस, एकट्याने खेळायचा भुयारी खेळ. पण का, ते वाचा. याच प्रश्नाला मी गेल्या महिन्यात दुसऱ्या एकाला वेगळं उत्तर दिलं होतं आणि तेही बरोबरच होतं.

मी ठाण्याचा, नौपाड्यातला. बारा-तेरा वर्षं झाली, शनिवारी रात्री आमच्या घरी टेबल लागतं आणि गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीत बहुतेक वेळा मीच असतो. एकट्याने खेळायचं वेड लागलं ते नेरुळच्या नोकरीमुळे. गाडी ठाण्यातूनच सुटते, म्हणजे बसायला मिळतं; मांडीवर बॅग, बॅगेवर वही, आणि दोन फासे मुखवासाच्या पारदर्शक डबीत. डबी हलवायची आणि वरून दान बघायचं. फासा सीटखाली गेला, असं होत नाही. शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, "मटका आहे का?" तेव्हापासून डबी जरा वहीच्या आडोशाला धरतो.

आता मुद्दा. 'सोपे नियम' म्हणताना आपण पानं मोजतो. चारशे पानांचं पुस्तक अवघड, वीस पानांचं सोपं. चार जण टेबलाभोवती असतील तेव्हा हे खरं असतं. एकटे असाल तेव्हा नाही. टेबलावर गेम मास्टर तीन कामं करत असतो: दारामागे काय आहे ते तो ठरवतो, शत्रूंचा हिशेब आणि त्यांचे फासे तो सांभाळतो, आणि नियमात नसलेलं काही कुणी केलं तर निवाडा तो देतो. एकट्याने खेळताना ही खुर्ची रिकामी असते. त्यामुळे बघायचं ते हे, की यातली किती कामं नियम स्वतः उचलतात आणि किती तुमच्या गळ्यात टाकतात.

केर्न घ्या. योचाई गालचे हे नियम २०२० मध्ये आले, फुकट मिळतात, आणि माझ्या शनिवारच्या टेबलावर आज तेच चालतात. तीन गुण, सामानाला दहा खाचा, आणि वार लागला की नाही हे बघायला फासाच नाही. वार लागतोच, फक्त किती लागला तेवढं बघायचं. नवीन माणसाला दहा मिनिटांत शिकवून होतं. पण रात्री साडेदहाला एकटे असताना तुमचं पात्र विहिरीत दोर सोडतं. खाली काय आहे? दोर पुरेल का? वरच्या पहारेकऱ्याला आवाज गेला का? केर्न म्हणतो, गेम मास्टरला विचारा. गेम मास्टर म्हणजे दिवसभर ऑफिसात डोकं पिकवून आलेले तुम्हीच. स्वतःच कोडं घालायचं आणि स्वतःच डोकं खाजवायचं. चार दारं उघडेपर्यंत दम निघतो. पानं कमी आहेत खरी, पण उरलेली पानं तुम्हाला मनातल्या मनात लिहावी लागतात.

तुमचं पाचव्या आवृत्तीत जे झालं तो दुसऱ्या कामाचा बोजा होता. चार पात्रं आणि सहा गॉब्लिन म्हणजे एका फेरीत दहा पाळ्या. प्रत्येक गॉब्लिनचा वार, ढालीचा आकडा, नुकसान, शिवाय वार करून सटकायची त्याची खास युक्ती. तीन फेऱ्या म्हणजे तीस पाळ्या, आणि तिसांच्या तीस तुमच्या. दीड तास लागला यात तुमची काही चूक नाही. ते नियम पाच-सहा जणांत वाटून घ्यायलाच बांधलेत.

हे दुखणं जुनं आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यूच्या पहिल्या अंकात एकट्याने भुयार खेळायचे तक्ते छापले: फासा टाका, बोळ कुठे वळतो ते बघा, दार आहे का बघा. तेच पुढे १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये परिशिष्ट म्हणून आले. तेव्हा 'एकट्याने खेळणं म्हणजे काही खरं खेळणं नाही' असं तुम्हाला कुणी ऐकवलं असेल, तर सोडून द्या.

फोर अगेन्स्ट डार्कनेस हे आंद्रेया स्फिलिगोईचं. गनेशा गेम्सने २०१६ मध्ये काढलं. लागतं काय, तर चार पात्रं, पेन्सिल, ग्राफ पेपर आणि नेहमीचे सहाचे दोन फासे. लुडोतले चालतात. बाकी सगळं तक्त्यांवर.

माझ्या वहीतली एक खोली दाखवतो. पात्रं: पुढे राणोजी, योद्धा. त्याच्या बाजूला बुवा, देवाधर्माचं बघणारे. मागे सखू, कुलपं उघडणारी. सगळ्यात शेवटी पंत, जादूगार. राणोजीचे प्राण ७, पंतांचे ३, म्हणून पंत मागे. दोन फासे टाकले: एक दहाचा धरायचा, एक सुट्याचा. २ आणि ५, म्हणजे पंचवीस नंबरची खोली. अशा छत्तीस खोल्या पुस्तकात काढलेल्या आहेत. बघून ग्राफ पेपरवर उतरवली. परत दोन फासे, या वेळी बेरीज. सात. किरकोळ शत्रूंची टोळी. कुठली? गॉब्लिन, पातळी ३. किती? एक फासा अधिक ३. पडले ४, म्हणजे सात जण. राणोजीने वार केला: ६. सहा पडला की पुन्हा टाकायचा: ४. योद्धा म्हणून राणोजीच्या स्वतःच्या पातळीचा १ वर. एकूण ११. अकराला गॉब्लिनच्या पातळीने, म्हणजे तिनाने भागा: तीन पूर्ण. एका झटक्यात तीन गॉब्लिन आडवे. बुवांनी एक लोळवला. सातातले तीन उरले, निम्म्याहून कमी, म्हणून त्यांचा धीर सुटतो का ते बघायला एक फासा. सुटला. पळाले. नकाशा काढण्यासकट चार मिनिटं.

यात गॉब्लिनांसाठी मी एकदाही वाराचा फासा टाकला नाही. इथे राक्षस फासे टाकतच नाहीत. तुम्ही वार करता तेव्हा तुमचा फासा, ते करतात तेव्हा तुमच्या बचावाचा फासा. टोळीतल्या प्रत्येकाचे वेगळे प्राणही लिहायचे नसतात. टोळीतला एकेक जण एका यशस्वी वारात जातो. दुसरं काम नियमांनी उचललं. पहिलं तक्त्यांनी. आणि तिसरं, निवाड्याचं, जवळजवळ उरतच नाही, कारण करायच्या गोष्टीच मोजक्या ठेवल्यात. बोळात असाल तर पुढचे दोघेच हाताने लढू शकतात, म्हणून ओळीत कोण कुठे उभा हा खरा निर्णय असतो. रिकामी खोली शोधायची की पुढे जायचं, हा दुसरा: शोधताना एक पडला तर फिरते राक्षस अंगावर येतात. एवढ्यावर पाऊण तास मस्त जातो.

शेवटही खेळ स्वतःच आणतो. मोठा राक्षस भेटला की फासा टाकायचा, आधी भेटलेल्या मोठ्या राक्षसांची भर घालायची, आणि सहा किंवा वर गेलं की हाच शेवटचा. उद्या कामावर जायचं असलेल्या माणसाला ही सोय फार मोलाची आहे.

उणं बोलायचं तर ते बोर्डगेमच्या जास्त जवळ आहे. गोष्ट अशी फारशी नाही. दहा-बारा मोहिमांनंतर तेच तक्ते तोंडपाठ होतात आणि 'अरे परत बुरशीवाले' असं तोंडून निघतं. खोल्याही नुसत्या आकृत्या. त्यावर माझा उपाय: प्रत्येक खोलीला एक ओळ, आणि त्या ओळीत वास किंवा आवाज हवाच. शाळेच्या सहलीत दौलताबादच्या अंधारीत गाइडने मशाल विझवली होती. वटवाघळांचा वास, कुणाचं तरी रडू, आणि मागून सरांचं "कुणी हलू नका". ती अंधारी मी आजवर निदान वीस भुयारांत वापरली असेल.

आता चार पात्रं नकोत, एकच हवा असा हट्ट असेल, तर प्रश्न वेगळा होतो. बहुतेक भुयारी खेळांत एकटा नायक मरतो तो गणितामुळे: तुमचा वार फेरीत एक, त्यांचे तीन. यावरचा सगळ्यात हुशार तोडगा मला केव्हिन क्रॉफर्डच्या २०१४ च्या स्कार्लेट हीरोजमध्ये दिसला. तिथे नुकसानीचा फासा जसाच्या तसा वाचायचा नाही. १ म्हणजे काही नाही, २ ते ५ म्हणजे एक, ६ ते ९ म्हणजे दोन, १० किंवा वर म्हणजे चार. गॉब्लिनचा सहाचा फासा एरवी सरासरी साडेतीन ओरबाडतो. इथे ती सरासरी बरोबर एकवर येते. आणि तुम्ही केलेलं नुकसान शत्रूच्या प्राणांऐवजी थेट त्याच्या हिट डाइसमधून, म्हणजे त्याची ताकद सांगणाऱ्या छोट्या आकड्यातून, कापलं जातं, उरलेलं शेजारच्यावर सांडतं. शिवाय दर फेरीत किरकोळ शत्रूंना झोडपायला एक जादा फासा. ही युक्ती क्रॉफर्डने ब्लॅक स्ट्रीम्स: सोलो हीरोज या छोट्या फुकट पुस्तिकेतही दिली आहे, ती जुन्या पद्धतीच्या कुठल्याही छापील भुयाराला लावता येते. घरात जुनी साहसं पडलेली असतील तर आधी हेच करा. फक्त साहस आधी वाचायचं नाही, खोलीत पाय टाकला की तेवढा परिच्छेद. मला ते कधी जमलं नाही, माझी नजर पुढे जातेच.

फायटिंग फँटसीची पुस्तकं सुचवणारेही भेटतील. १९८२ च्या पहिल्या पुस्तकात ४०० परिच्छेद; 'डावीकडे गेलात तर अमुक परिच्छेद' अशी रचना, आणि गेम मास्टरची तिन्ही कामं लेखकांनी आधीच केलेली. सुरुवातीला झकास. पण पात्र बनवताना कौशल्य हे एका फाशावर ठरतं, ६ अधिक दान, म्हणजे ७ ते १२. लढाईत दोघांनी दोन-दोन फासे टाकून आपापलं कौशल्य मिळवायचं; जास्त ज्याचं त्याने घाव घातला. मी बसून हिशेब केला होता: कौशल्य सारखं असेल तर दर फेरीत दोघांनाही साधारण ४४ टक्के संधी. तुमचं दोनाने जास्त असेल तर तुम्हाला ६६, त्याला २४. चाराने जास्त असेल तर ८४ आणि १०. म्हणजे पहिल्या फाशालाच पुस्तकाचा निकाल निम्मा लागून जातो. कौशल्य सात आलं की लोक गुपचूप फासा परत टाकतात. मीही टाकलाय. आणि एकदा संपवलं की भुयार तेच राहतं.

ज्या दुसऱ्या माणसाला वेगळं उत्तर दिलं म्हणालो, त्याला आयर्नस्वॉर्न सांगितलं होतं. तो डायरी लिहिणारा आहे, त्याला पात्राने शपथ का घेतली यात रस. शॉन टॉमकिनचे हे नियम २०१८ चे, मूळ पुस्तक फुकट, आणि एकट्याने खेळणं त्यात पहिल्यापासून गृहीत धरलंय. भुयारांसाठी २०२० चं डेल्व्ह हे जोडपुस्तक. एक सहाचा फासा अधिक तुमचा गुण, समोर दोन दहाचे फासे. दोन्हींना हरवलंत तर पूर्ण यश, एकालाच तर किंमत मोजून यश, एकालाही नाही तर फजिती. गुण २ असेल तर पूर्ण यश साधारण २३ टक्के वेळा, फजिती ३३, आणि उरलेले ४४ टक्के ते मधलं, 'काम झालं, पण'. हा 'पण' तिथे सगळी गोष्ट पुढे ढकलतो. पण तो 'पण' दरवेळी तुम्हाला सुचावा लागतो. ताज्या डोक्याने रविवारी सकाळी बसलात तर यासारखा खेळ नाही. तुमच्या पाऊण तासात मात्र तो होमवर्क वाटेल.

निवाड्याचं काम थोडं तरी उरतंच, त्यासाठी 'हो-नाही'चा फासा लागतो. टाना पिजनचं मिथिक याच कामासाठी प्रसिद्ध आहे, आणि गोष्टीतला गोंधळ वाढत जाईल तशी उत्तरं बदलण्याची त्याची पद्धत छान आहे. पण भुयारापुरतं तेवढं लागत नाही. मी एकच फासा वापरतो: १ पडला तर नाही आणि वर भुर्दंड, २-३ नाही, ४-५ हो, ६ म्हणजे हो आणि वर काहीतरी फायदा. दोन पथ्यं आहेत. ज्याचं उत्तर तुम्हाला मनातून माहीत आहे ते फाशाला विचारायचं नाही. आणि एका खोलीत एकच प्रश्न. हे दुसरं मी मोडतो तेव्हा हमखास खोलीतल्या पेटीच्या कडीला गंज आहे का इथपर्यंत घसरतो.

पैसे टाकण्याआधी एक संध्याकाळ खर्च करा. कुठलीही सिस्टीम असो, तिचा फुकट भाग किंवा नमुना घ्या आणि फक्त एक बोळ, एक लढाई, एक कुलूपबंद पेटी एवढंच खेळा, घड्याळ लावून. लढाई दहा मिनिटांच्या वर गेली तर सोडा. लढाईत पुस्तक पाचापेक्षा जास्त वेळा उघडावं लागलं, तरी सोडा. पेटी उघडताना 'आता काय होईल बरं' असं म्हणून छताकडे बघत बसलात, तर ते नियम टेबलासाठी चांगले आहेत, तुमच्या रात्रीसाठी नाहीत. मी विकत घेऊन धूळ खात ठेवलेली सात-आठ पुस्तकं या परीक्षेत पहिल्याच संध्याकाळी नापास झाली असती.

पीडीएफ घेतलंत तर अख्खं छापू नका. तक्त्यांची पानं तेवढी छापा, दोन्ही बाजूंनी, आणि वर प्लास्टिकचं कव्हर घालून स्पायरल करून घ्या. स्टेशनजवळ कुणीही करून देतं. फक्त कागद हातात आल्यावर तिथेच उभं राहून शेवटचा रकाना आणि तळाच्या ओळी बघा. माझ्या पहिल्या प्रतीत कडेला आकडे कापले गेले होते, आणि महिनाभर मी पातळी पाचच्या ट्रोलला अंदाजाने मारत होतो. नकाशासाठी ग्राफ पेपरच हवा असं नाही, पोरांची गणिताची चौकटीची वही चालते. पहिलं प्रवेशद्वार पानाच्या खालच्या कडेला मधोमध काढा, नाहीतर तिसऱ्याच खोलीत भुयार वहीबाहेर जातं.

महिना-दीड महिन्याने तक्ते पाठ झाले की नवीन पुस्तक घ्यायच्या आधी हे करून बघा: जिवंत राहिलेल्यांतला एक उचला, त्याला केर्नमध्ये नेऊन बसवा, आणि नकाशा मात्र फोर अगेन्स्ट डार्कनेसच्याच तक्त्यांवर काढत राहा. खोल्या तक्ते देतील, निवाडे तो सहाचा फासा, आणि वार थेट लागत असल्याने लढाई दोन-तीन फेऱ्यांत आटोपते. एकटं मात्र पाठवू नका, दोन भाडोत्री सोबती घेऊनच उतरवा. माझी सखू सध्या अशीच खाली आहे, सोबत दोन मशालवाले, त्यातल्या एकाचं नाव अजून ठेवलेलं नाही, कारण तो फार टिकेलसं वाटत नाही.